संशोधनाचा हेतू आणि तात्त्विक बैठक: सिनॉप्सिसमधली ती दोन पानं कशी लिहायची?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव आणि अक्कलकुवा तालुक्यांतून दक्षिण गुजरातेत ऊसतोडीला जाणाऱ्या आदिवासी कुटुंबांवर तुम्हाला पीएचडी करायची आहे. सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे पीएचडीसाठी द्यायच्या संशोधन आराखड्यात, संशोधनाचा हेतू म्हणून तुम्ही अन्वेषणात्मक, वर्णनात्मक आणि स्पष्टीकरणात्मक असे तिन्ही शब्द लिहिलेत. प्रश्नावली आणि मुलाखती दोन्ही घेणार म्हणून पॅराडाइमच्या, म्हणजे तात्त्विक बैठकीच्या, जागी फलप्रामाण्यवाद (प्रॅग्मॅटिझम) लिहिलात. आरआरसीच्या (संशोधन प्रस्ताव तपासणाऱ्या समितीच्या) बैठकीत एका सदस्यांनी विचारलं, की हे सगळं एका अभ्यासात बसणार कसं? तिथे तुम्हाला उत्तर सुचलं नाही. आता तुम्ही विचारताय की यातलं काय ठेवू, काय काढू, गृहीतकांच्या रकान्यात काय भरू, आणि ही दोन पानं मुळात लागतात कशाला.

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण बाकीच्यांची उत्तरं त्यातूनच निघतात. जळगाव-धुळ्याकडचे सामाजिक शास्त्रांतले प्रबंध मी बरीच वर्षं वाचतो आहे, तपासतो आहे. बहुतेकांमध्ये ही दोन पानं पुढच्या अडीचशे पानांशी काहीही नातं न ठेवता उभी असतात. तिसऱ्या प्रकरणात एका वादाचं नाव येतं आणि पाचव्या प्रकरणातलं विश्लेषण त्या वादाला सरळ नाकारणारं असतं. हे पाहिलं की वाईट वाटतं, कारण कष्ट खरे असतात. या पानांचं काम एवढंच असतं: माझ्या प्रश्नाचं उत्तर म्हणून मी काय मान्य करणार आहे आणि काय मान्य करणार नाही, हे फिल्डवर जाण्याआधी लिहून ठेवणं. ते लिहिलेलं असलं की नमुना कसा घ्यायचा, कोणाला काय विचारायचं, निष्कर्षात कुठवर बोलायचं, हे सगळं त्याच्या मागे येतं.

आधी हेतू. पुस्तकांत हेतूंची यादी पायऱ्यांसारखी छापलेली असते आणि विद्यार्थ्यांना वाटतं की वरची पायरी लिहिली तर प्रबंधाचं वजन वाढतं. खरं तर हेतू दोन गोष्टींवरून ठरतो. या विषयाबद्दल आज काय माहीत आहे ही एक. दुसरी म्हणजे तुमच्याजवळच्या वेळात आणि पैशात अभ्यास संपल्यावर कोणतं विधान तुम्हाला ठामपणे करता येणार आहे.

या कसोटीवर 'अन्वेषणात्मक' हा शब्द काढून टाका. तुम्ही लिहिलंय की या विषयावर फारसं कोणी काम केलेलं नाही. हे वाक्य जवळपास प्रत्येक सिनॉप्सिसमध्ये असतं आणि तुमच्या बाबतीत ते चूक आहे. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी १९७० च्या दशकात बारडोली भागातल्या सहकारी साखर कारखान्यांसाठी ऊस तोडणाऱ्या मजुरांचा अभ्यास केला, तो १९७८ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यातले मजूर आपल्या खानदेशातून गेलेले होते. उचल (हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम), मुकादम (मजूर गोळा करून नेणारा मध्यस्थ), कोयता (मिळून तोडणी करणारी जोडी) हे मजुरीचं एकक, हे सारं त्यात आलेलं आहे. जवळच स्थानिक भूमिहीन मजूर असताना कारखाने बाहेरून माणसं का आणतात, हा त्यातला मुख्य मुद्दा आहे. तो वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. अन्वेषण तिथे शोभतं, जिथे प्रश्नसुद्धा नीट विचारता येत नाही. उदाहरणार्थ, तोडणी यंत्रं वाढली की कोयत्यावर जगणाऱ्या पाड्यांत काय होतं, हे कोणाला पाहायचं असेल तर आधी चार-सहा महिने नुसतं ऐकत फिरावं लागेल, आणि त्याला अन्वेषणात्मक म्हणणं रास्त ठरेल.

वर्णनाबद्दल मला जास्त बोलायचं आहे, कारण त्याची आपल्याकडे फार उपेक्षा होते. 'नुसतं वर्णनात्मक आहे' असं समितीत म्हटलं जातं तेव्हा ऐकणाऱ्याला तो दोष वाटतो. पण ऊसतोडीला नेमकं कोण जातं, किती दिवस जातं, हेच आपल्याला धड माहीत नाही, आणि का माहीत नाही हे समजून घेण्यासारखं आहे. २०११ ची लोकसंख्या मोजणी ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली. त्या वेळी ऊसतोडीचा हंगाम ऐन भरात असतो. त्या संपूर्ण काळात जे घरी नव्हते त्यांना घरी मोजायचं नव्हतं, जिथे सापडतील तिथे मोजायचं होतं. म्हणजे सातपुड्यातल्या पाड्यावर कुलूप, आणि माणसं गुजरातेतल्या पडावावर (मजुरांच्या तळावर). तिथे मोजणारा पोचला तर मोजली गेली. राष्ट्रीय नमुना पाहणीने २००७-०८ च्या ६४ व्या फेरीत अल्पकालीन स्थलांतरित कोणाला म्हणायचं ते ठरवलं: गेल्या वर्षभरात रोजगारासाठी ३० दिवस किंवा जास्त, पण सहा महिन्यांपेक्षा कमी काळ गावाबाहेर राहिलेला. आता एखादं जोडपं दिवाळीच्या आधी निघालं आणि हंगाम लांबल्यामुळे मेमध्ये परतलं, तर ते या व्याख्येतून निसटतं. पाहणीवाला आला तेव्हा अख्खं घरच बाहेर असलं, तर त्या घराची नोंद होणंच अवघड.

म्हणून चार-पाच पाडे घेऊन, घरटी यादी करून, हंगामाच्या आधी आणि नंतर अशा दोन वेळा तीच घरं गाठून, कोण गेलं, कोण मागे राहिलं, मुलं कुठे ठेवली, उचल किती घेतली, परतल्यावर किती फिटली आणि किती अंगावर राहिली, हे तुम्ही काटेकोरपणे लिहिलंत तर ते वर्णन सरकारी आकड्यांपेक्षा पुढे जाईल. आणि पुढच्या दहा संशोधकांना त्याचा आधार होईल. हे काम छोटं नाही. तुमच्या अभ्यासाचा मुख्य हेतू हाच असावा असं माझं स्पष्ट मत आहे.

स्पष्टीकरणात्मक हेतूचं काय? 'पर्जन्यमानातील घट हे स्थलांतराचे प्रमुख कारण आहे' असं तुम्ही उद्दिष्टांत लिहिलंय. कारण म्हणायचं तर तीन गोष्टी दाखवाव्या लागतात. पाऊस कमी होणं आधी आणि जाणं नंतर, हा क्रम. पाऊस बदलला तसं जाणाऱ्यांचं प्रमाण बदललं, हा संबंध. आणि तिसरी, सगळ्यांत कठीण, ती म्हणजे या संबंधामागे दुसरंच काही दडलेलं नाही याची खात्री. एका वर्षाच्या पाहणीत पाऊस सगळ्या पाड्यांवर जवळपास सारखाच पडलेला असतो. जो घटक बदललाच नाही, तो कशाचंही कारण म्हणून दाखवता येत नाही. हीच अडचण 'जमात' या चलाची. २०११ च्या जनगणनेत नंदुरबार जिल्ह्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचा वाटा ६९ टक्क्यांच्या वर होता, आणि तुम्ही निवडलेल्या पाड्यांत तर जवळजवळ सगळीच घरं आदिवासी. मग आदिवासी असण्याचा परिणाम तुम्ही कोणाशी तुलना करून सांगणार? शिवाय तुमच्या नमुन्यात फक्त जाणारी कुटुंबं आहेत. न जाणारी शेजारची घरं घेतली नाहीत तर 'का जातात' या प्रश्नाला आकड्यांतून उत्तर मिळणारच नाही. म्हणून, न जाणारी घरं आणि किमान दोन हंगाम घेण्याची तयारी असेल तरच हा हेतू ठेवा. नाहीतर काढा, आणि त्याची खंत बाळगू नका.

मूल्यमापनाचं थोडक्यात. हंगामी वसतिगृहांमुळे मुलांची शाळा टिकते का, असा प्रश्न असता तर तो मूल्यमापनाचा हेतू झाला असता. त्यात योजनेने स्वतः काय साधायचं ठरवलं होतं ते आधी पाहावं लागतं. तुमच्या अभ्यासात तो विषय एका उपप्रश्नापुरता आहे, तेवढाच राहू द्या.

आता पॅराडाइम. या नावाने आपल्याकडची मुलं घाबरतात, जणू काहीतरी परदेशी आणि अनाकलनीय आहे. पण खरं काय आहे, ते कळतं कसं, आणि कळलेलं बरोबर आहे हे कशावरून, हे प्रश्न आपल्या मातीत नवे नाहीत. न्यायदर्शनात प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द ही चार प्रमाणं मानली, म्हणजे ज्ञान कोणत्या मार्गाने मिळालं तर ग्राह्य धरायचं याची चर्चाच केली. अमळनेरला प्रताप शेठजींनी १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं, तिथे पिढ्यानपिढ्या अभ्यासकांनी याच प्रश्नांवर डोकं घातलं. पारोळ्याहून जळगावला जाताना ते वाटेत पडत नाही, मुद्दाम जावं लागतं. पण खानदेशात संशोधन करणाऱ्याने एकदा तरी जावं. तुमच्या पुस्तकातले सत्ताशास्त्र, ज्ञानमीमांसा, मूल्यमीमांसा हे तीन जड शब्द म्हणजे हेच: तुम्ही जे अभ्यासताय ते तुमच्याशिवाय अस्तित्वात आहे का, तुम्हाला ते कसं कळणार, आणि त्यात तुमची मूल्यं कुठे बसतात.

सगळीकडे फिरणारा तो चार रकान्यांचा तक्ता गुबा आणि लिंकन या अमेरिकन अभ्यासकांच्या १९९४ च्या मांडणीतून आलेला आहे. त्यात प्रत्यक्षार्थवाद, उत्तर-प्रत्यक्षार्थवाद, चिकित्सक सिद्धान्त आणि रचनावाद आहेत. फलप्रामाण्यवादाचा रकाना त्यात नव्हता, तो पुढे मिश्र पद्धतीवाल्यांनी जोडला. तक्ता पाठ करण्याचा उपयोग नाही. तुमचाच विषय घेऊन एकेक बैठक काय मागते ते पाहू.

प्रत्यक्षार्थवादाचं नाव फ्रेंच विचारवंत ऑगस्त कोंतपासून घेतात. समाजाचेही निसर्गासारखे नियम असतात आणि ते निरीक्षणातून सापडतात, ही त्याची श्रद्धा. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ दर्खाइमने १८९७ मध्ये आत्महत्येसारखी अगदी खासगी वाटणारी गोष्ट आकडेवारीतून तपासली आणि प्रॉटेस्टंट व कॅथलिक समाजांतले दर वेगळे असल्याचं दाखवलं, तेव्हा या दृष्टीची ताकद दिसली. पण त्याच अभ्यासावर पुढे आक्षेप आला की आत्महत्या म्हणून नोंद कोणी आणि कशाच्या आधारे केली? नोंदवणाऱ्याचे संकेत वेगळे असतील तर दरही वेगळे दिसणार. वर जनगणनेच्या फेब्रुवारीबद्दल आणि सहा महिन्यांच्या मर्यादेबद्दल लिहिलं ते याच जातीचं आहे.

उत्तर-प्रत्यक्षार्थवादाने हा आक्षेप पचवला. वास्तव आहे, पण आपलं मोजमाप अपुरं असतं आणि सिद्धान्त कायमचा सिद्ध होत नाही, फक्त खोडून काढण्याच्या प्रयत्नांत टिकतो, ही कार्ल पॉपर यांनी १९३४ मध्ये मांडलेली भूमिका त्याच्या मुळाशी आहे. तुम्ही ही बैठक घेतलीत तर प्रबंधात 'गृहीतक सिद्ध झाले' असं कुठेही लिहिता येणार नाही. शून्य गृहीतक (फरक किंवा संबंध नाहीच, असं धरणारं विधान) फेटाळता आलं किंवा आलं नाही, एवढंच लिहायचं. आणि नमुन्याच्या बाबतीत ही बैठक कडक आहे. तुम्ही ३८४ कुटुंबं लिहिलीत. तो आकडा क्रेजी आणि मॉर्गन यांच्या १९७० च्या तक्त्यातून सगळीकडे पसरला. ९५ टक्के विश्वासपातळी, पाच टक्के चूक आणि निम्मं-निम्मं प्रमाण धरलं की तो येतो, पण साध्या यादृच्छिक नमुन्यासाठी. म्हणजे सगळ्या घरांची यादी हातात हवी आणि कोणतंही घर निवडलं जाण्याची शक्यता सारखी हवी. सातपुड्यात घरं पाड्यापाड्यांत विखुरलेली. तुम्ही आधी पाडे निवडणार, मग त्यातली घरं. एका पाड्यातली घरं एकाच मुकादमाबरोबर जात असली तर त्यांची उत्तरं एकमेकांसारखी येणार. अशा गट-नमुन्यात डिझाइन इफेक्ट (गटातल्या सारखेपणामुळे नमुना किती पट वाढवायचा तो आकडा) दोन धरला तर ३८४ चे ७६८ होतात. तेवढं जमणार नसेल तर निवडलेल्या पाड्यांतली सगळी घरं घ्या आणि निष्कर्ष त्या पाड्यांपुरता ठेवा. हे प्रामाणिक आहे आणि चालतं. एकाकडून दुसऱ्याचं नाव घेत गोळा केलेल्या नमुन्यावर काय-वर्ग चाचणी (दिसणारा संबंध योगायोगाचा आहे का हे तपासणारी) लावून 'लक्षणीय फरक' लिहिणं मात्र चालत नाही, मग पॅराडाइमच्या पानावर काहीही लिहिलेलं असो.

अर्थनिर्णयवादी बैठक (तक्त्यातल्या रचनावादाच्या जवळची) वेगळ्याच ठिकाणी उभी असते. जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर म्हणत की सामाजिक कृती समजायची तर करणाऱ्याने तिला दिलेला अर्थ समजला पाहिजे. तुमच्या प्रश्नावलीत प्रश्न आहे: 'उचल का घेता?' पर्याय: लग्न, आजारपण, बियाणं, घरखर्च, इतर. एखादा बाप 'लग्न' वर खूण करील. पण तासभर बसून ऐकलंत तर कदाचित कळेल की पावसाळ्यात हातात एकरकमी पैसा देणारा दुसरा कोणीच नाही, आणि मुकादमाशी नातं टिकवणं ही त्याच्या लेखी वर्षभराची तजवीज आहे. त्याची बायको तीच रक्कम आपल्या अंगावर घातलेलं ओझं म्हणून सांगेल, कारण ठरवताना तिला विचारलंच नव्हतं. दोघांचं सांगणं वेगळं आहे म्हणून एक खोटं ठरत नाही. या बैठकीत तुम्ही सरासरी काढत नाही. घरातल्या घरात अर्थ कसे वेगळे होतात, हाच तुमचा निष्कर्ष असतो. इथे नमुना संख्येने ठरत नाही. नव्या मुलाखतीतून नवं काही येईनासं होईपर्यंत जायचं. आणि विश्वासार्हता दाखवायची ती वेगळ्या मार्गाने: मुलाखतीतले उतारे जसेच्या तसे देऊन, तुमच्या अर्थाशी न जुळणाऱ्या मुलाखती लपवून न ठेवता, आणि शक्य असेल तिथे लोकांना परत वाचून दाखवून.

याच ठिकाणी भाषेचा प्रश्न येतो आणि तो तुमच्या सिनॉप्सिसमध्ये अजिबात नाही. धडगावात पावरी, अक्कलकुव्यात भिलोरी बोलणाऱ्या बाईला तुम्ही प्रमाण मराठीतला प्रश्न दुभाष्यामार्फत विचारणार. दुभाषा कोण? तो मुकादमाच्या घरातला असला तर उचलीबद्दल जे ऐकू येईल ते मुकादमाला चालेल तेवढंच असेल. आकडे गोळा करताना ही चूक मोजमापातली त्रुटी ठरते. अर्थनिर्णयवादी अभ्यासात तर अख्खा पायाच जातो. शक्य तर त्याच पाड्यातली शिकलेली मुलगी सोबत घ्या, तिला मानधन द्या, आणि प्रबंधात तिची भूमिका लिहा, नाव टाळून.

चिकित्सक बैठकीबद्दल मी जरा भरभरून लिहिणार आहे, कारण तिच्या इतिहासात आपला शहादा आहे आणि आपल्याच विद्यार्थ्यांना ते कोणी सांगत नाही. जर्मन तत्त्वज्ञ होर्कहायमर यांनी १९३७ मध्ये भेद केला तो असा, की एक सिद्धान्त जग जसं आहे तसं समजावून घेतो, दुसरा ते तसं का ठेवलं गेलंय हे विचारतो आणि बदलू पाहतो. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला शहादा-तळोदा भागात भिल्ल शेतमजूर आणि सालदार जमिनीसाठी व मजुरीसाठी उभे राहिले. अंबरसिंग महाराजांचं नेतृत्व, १९७२ मध्ये स्थापन झालेली श्रमिक संघटना, आणि त्यात पुढे आलेल्या आदिवासी स्त्रिया, हा इतिहास तुमच्या अभ्यासक्षेत्राच्या उशाशी आहे. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी या चळवळीवर १९७६ मध्ये लिहिलं. त्याच मीस यांनी १९७८ मध्ये स्त्रीवादी संशोधनपद्धतीची सूत्रं मांडली: अलिप्ततेच्या दाव्याऐवजी जाणीवपूर्वक घेतलेली बाजू, वरून पाहण्याऐवजी खालून पाहणं, आणि ज्यांच्यावर संशोधन करतो त्यांच्या लढ्यात सहभाग. जगभरच्या पद्धतीशास्त्राच्या पुस्तकांत ती सूत्रं शिकवली जातात. ती मांडणाऱ्या बाईंनी आपला शहादा जवळून अभ्यासला होता, हे नंदुरबारच्या विद्यार्थ्याला माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

ही बैठक घेतली की तुमचा प्रश्नच बदलतो. 'लोक का जातात' असं विचारलं की कारणं पाड्यात शोधली जातात: पाऊस, कोरडवाहू जमीन, शिक्षण. 'कारखान्याला दूरच्या डोंगरातली माणसंच का हवी असतात' असं विचारलं की नजर बारडोलीकडे वळते, उचलीच्या हिशेबाकडे आणि कोयत्याच्या दराकडे वळते. एकाच विषयावर दोन प्रबंध होतील आणि दोन्हींत वेगळे लोक जबाबदार दिसतील. मात्र बाजू घेणं म्हणजे पुरावा सैल करणं नव्हे. मुकादमाची मुलाखत घ्यावीच लागेल, आणि तोही बऱ्याचदा त्याच डोंगरातला, त्याच व्यवस्थेत अडकलेला माणूस असतो हेही तपासावं लागेल. आणि निष्कर्ष ज्यांचे आहेत त्यांच्यापर्यंत नेण्याची योजना नसेल तर ही बैठक लिहू नका.

आता फलप्रामाण्यवाद. तुम्ही तो लिहिलात कारण दोन पद्धती वापरणार आहात. हा समज फार पसरलेला आहे आणि तो चूक आहे. पर्स, जेम्स आणि ड्युई या अमेरिकन तत्त्वज्ञांचं हे तत्त्वज्ञान पद्धतींच्या मिश्रणासाठी जन्मलेलं नाही. ड्युई १९३८ मध्ये म्हणतात ते असं, की चौकशी सुरू होते ती अडलेल्या, अनिश्चित परिस्थितीतून, आणि ती परिस्थिती सुटेपर्यंत चालते. म्हणजे इथे विचारावं लागतं की कोणाची कोणती अडचण, आणि सुटली हे कोण ठरवणार. कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेब आंबेडकर याच ड्युईंचे विद्यार्थी होते. लोकशाही म्हणजे एकत्र जगण्याची रीत हा विचार त्यांच्याकडे कसा आला हे पाहिलंत तर या तत्त्वज्ञानाची खोली लक्षात येईल. तुम्ही जर शाळा आणि पालक यांच्याबरोबर बसून मागे राहणाऱ्या मुलांची सोय लावून पाहणार असता, तर फलप्रामाण्यवाद शोभला असता. तुमचा अभ्यास तसा नाही.

मग तुम्ही काय लिहावं? तुमच्या मनात दोन समजुती एकत्र आहेत असं सिनॉप्सिसवरून दिसतं. उचल, थकबाकी, गेलेले महिने या गोष्टी कोणी काहीही मानलं तरी आहेत. आणि त्यांचा अर्थ घराघरात, नवरा-बायकोत वेगळा होतो. या दोन्हींना एकत्र धरणारी बैठक म्हणजे ब्रिटिश तत्त्वज्ञ रॉय भास्कर यांनी १९७५ पासून मांडत नेलेला चिकित्सक वास्तववाद. वास्तव आपल्यापासून स्वतंत्र आहे, त्याचं आपलं ज्ञान मात्र समाजात घडलेलं आणि चुकू शकणारं आहे, आणि दिसणाऱ्या घटनांच्या मागे काम करणाऱ्या यंत्रणा असतात ज्या प्रत्येक वेळी परिणाम घडवतीलच असं नाही. उचलीची यंत्रणा दोन शेजारच्या घरांत सारखीच असते, पण एक घर जातं आणि दुसरं जात नाही, कारण दुसऱ्याकडे विहिरीला पाणी आहे किंवा म्हातारी सांभाळायला आहे. अशा मांडणीत 'का' हा प्रश्न काय-वर्गाशिवायही विचारता येतो. तुमच्या गाईडना ही बैठक पटते का ते आधी बोलून घ्या. पुढची सगळी वर्षं त्यांच्याबरोबर काढायची आहेत.

सिनॉप्सिसमध्ये साधारण असं लिहा: 'प्रस्तुत अभ्यासाचा मुख्य हेतू वर्णनात्मक आहे. निवडलेल्या पाड्यांतील सर्व कुटुंबांची हंगामापूर्वी व हंगामानंतर नोंद घेऊन ऊसतोडीसाठी होणाऱ्या स्थलांतराचे स्वरूप, कालावधी व उचलीचा व्यवहार मांडला जाईल. दुय्यम हेतू हा निर्णय कुटुंबातील स्त्री-पुरुषांना कसा उमगतो हे त्यांच्या मुलाखतींतून समजून घेण्याचा आहे. निष्कर्ष निवडलेल्या पाड्यांपुरते मर्यादित राहतील.' त्याखाली बैठकीचा एक परिच्छेद, आणि त्यात एक वाक्य असं हवंच, की कोणता पुरावा मिळाला तर तुम्ही तुमचं म्हणणं सोडाल.

गृहीतकांचा रकाना रिकामा ठेवलात तर समितीत अडेल, हे मला ठाऊक आहे. वर्णनात्मक भागासाठी एक-दोन तपासता येतील अशी गृहीतकं द्या. उदाहरणार्थ, सिंचनाची सोय असलेल्या कुटुंबांत दोन्ही प्रौढ जाण्याचं प्रमाण कमी आहे. पाड्यातली सगळीच घरं घेतल्यामुळे न जाणारीही यादीत येतील आणि ही तुलना करता येईल. मुलाखतींच्या भागासाठी गृहीतकाऐवजी संशोधन प्रश्न द्या आणि तसं स्पष्ट लिहा. सदस्यांनी विचारलं तर सांगा, की अर्थ समजून घेण्याच्या अभ्यासात उत्तर आधी लिहून तपासायला निघालं तर तेवढंच ऐकू येतं.

पुन्हा सादर करण्याआधी एका पाड्यावर जाऊन घरटी यादी करून या. होळीच्या सुमारास गेलात तर बरीच माणसं पडावावरून आलेली भेटतील, पण भोंगऱ्याच्या (होळीआधीच्या आदिवासी बाजाराच्या) आणि होळीच्या दिवसांत प्रश्नावली काढू नका. नुसती ओळख करा, नावं-घरं लिहून घ्या, आणि पावसाळ्यात परत या, तेव्हा उचलीची बोलणी चालू असतात. एका पाड्याची यादी हातात असली की किती घरं दोनदा गाठणं तुम्हाला झेपेल, हे गाईडसमोर कागदावर मांडता येईल, आणि पाड्यांची संख्या त्यावरून ठरवता येईल.